पेल्यातलं धुकं

पेल्यातलं पाणी पांढरं झालं आणि हॉलमधल्या सगळ्या बायका एकदम "आई गं!" म्हणाल्या.

पेला काचेचा, साधाच. पाणी ओतलं तेव्हा इतकं नितळ होतं की पलीकडची फुंकरबाबांची अंगठी स्पष्ट दिसत होती. माझ्या मुलाने नळीतून त्यात फुंकर मारली, मध्येच खोकला, पुन्हा मारली, आणि मिनिटभरात पाण्याचं दूध झालं. बाबांनी पेला उचलून चारी बाजूंना दाखवला.

"बघून घ्या! काय आहे हे? धुकं! चार वर्षांच्या लेकराच्या छातीत एवढं धुकं! डॉक्टरने छातीचा फोटो काढला असेल. दिसलं का त्याला? कसं दिसेल? यंत्राला धुकं दिसत नसतं, त्याला दृष्टी लागते! सात आठवडे, सात फुंकरी. धुकं पाण्यात, पाणी मोरीत, लेकरू मैदानात!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात. मी धंद्याने रंगारी. भिंतीला ओल कुठून येतेय हे मी उंबऱ्यातून सांगतो, नुसता वरून रंग फासून गिऱ्हाइकाला फसवणारा माणूस लगेच ओळखतो. त्या दिवशी मात्र अक्कल चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली होती.

हसू नका. आधी चार महिने घरात लेकराचा खोकला ऐका. आमच्या पोराला आम्ही ठिपका म्हणतो. त्याचा खोकला एकदोनदा ठसकून सुरू व्हायचा आणि मग थांबायचाच नाही. चेहरा लाल व्हायचा, खाल्लेलं सगळं बाहेर यायचं. बायको त्याला खांद्यावर घेऊन बसल्या बसल्या झोपायची आणि सकाळी लाँड्रीत इस्त्री करायला उभी राहायची. एकदा डुलकी लागून तिचा हात भाजला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, दमा आहे, आणि औषधाचा पंप दिला होता. रोज दोनदा तोंडातून ओढायचा, बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायचा नाही. खोकला कमीही झाला होता. पण दमा हा शब्द माझ्या गळी उतरेना. त्यात शेजारी म्हणाले, पंपाची सवय लागते, जन्मभर सुटत नाही. आणि फुंकरबाबांची अटच होती: "पंप बंद. पंप धुकं आत दाबतो." मी पंप कपाटावर टाकला, अगदी मागे, बायकोचा हात पोचणार नाही असा.

मग पेला सुधारत गेला. तिसऱ्या आठवड्यात पाणी ताकाएवढं पांढरं झालं, पाचव्यात जेमतेम गढूळ. बाबा दर वेळी विचारायचे, "धुकं कमी झालं की नाही?" आणि हॉल ओरडायचा, "झालं!"

घरी ठिपका पळायचा बंद झाला होता. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचा आणि आपण मुद्दाम बसलोय असं दाखवायचा.

"पेला सुधारतोय, पोरगं नाही सुधारत," बायको म्हणाली.

"डोळ्यांनी बघितलंस ना पाणी?"

"पाणी बघितलं. ह्याच्या फासळ्याही बघतेय, श्वासागणिक आत ओढल्या जातायत."

"तुझा विश्वासच नाही," मी म्हणालो. "म्हणून गुण येत नाही."

हे वाक्य मी बोललो. लेकराच्या आईला बोललो. आज आठवलं तरी लाज वाटते.

ठिपकाही एकदा म्हणाला होता, "पप्पा, ते पाणी जिभेला चावतं." मी म्हणालो, "ओढायचं नाही, फुंकायचं." विषय तिथेच संपवला.

सातव्या आठवड्यातल्या त्या सकाळी श्वास घेताना त्याच्या गळ्याखाली खळगा पडत होता. बायको म्हणाली, "आत्ता दवाखान्यात नेऊ."

"आज शेवटची फुंकर आहे गं. आज पेला स्वच्छ निघणार. एवढं होऊ दे, उद्या म्हणशील तिथे नेऊ. तू चारला रांगेत लाग, मी कामावरून थेट येतो."

तिने ठिपक्याला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "आजच्या दिवस. त्यानंतर मी तुम्हाला विचारणार नाही."

त्या दिवशी एका गोदामाच्या आवाराला चुना लावायचा होता. आदल्या दिवशी पिंपात चुना भिजवला होता. गाळ खाली बसून वर निवळी आली होती, म्हणजे चुन्याचं नितळ पाणी. ती जास्त झाली होती, म्हणून रबरी नळी लावून एका पारदर्शक बरणीत काढत होतो. नळी मध्येच तुंबली. मोकळी करायला मी एक टोक तोंडात धरलं आणि जोराने फुंकलं. दुसरं टोक बरणीत होतं. पाणी बुडबुडलं.

जिभेला काहीतरी चावलं.

आणि बरणीतलं पाणी पांढरं होत होतं.

आधी वाटलं, नळीतला गाळ उतरला असेल. नळी धुतली, बरणी धुतली, वरवरची निवळी घेतली. मुद्दाम थांबलो. पाणी नितळच राहिलं. फुंकलं, तर दूध. पुन्हा निवळी घेतली, त्यात निम्मं नळाचं पाणी घातलं आणि फुंकलं, तर ताक. नुसत्या नळाच्या पाण्यात फुंकलं, तर काहीच नाही. बावीस वर्षं चुना कालवतोय, पण निवळीत फुंकर मारायची वेळ कधी आली नव्हती. माझी छाती ठणठणीत आहे, तरी माझ्या फुंकरीने धुकं पडत होतं. हात न धुता धावत सुटलो.

हॉल भरलेला होता. बायको रांगेत उभी होती आणि ठिपका तिच्या खांद्यावर मान टाकून होता. तो खोकतही नव्हता. खोकायला जोर लागतो, तो उरला नव्हता. ओठ निळसर पडले होते.

"चल," मी म्हणालो. "दवाखान्यात."

तिने का म्हणून विचारलं नाही, तशीच दाराकडे निघाली. वाट बाबांच्या टेबलावरूनच होती. टेबलावर बाटल्या मांडलेल्या: लाल झाकणाच्या पहिल्या फुंकरीसाठी, पिवळ्या मधल्या फुंकरींसाठी, पांढरी शेवटच्या फुंकरीसाठी. सात आठवडे मी ही व्यवस्था बघून म्हणत होतो, काय शिस्त आहे! समोर एक बाई खोकणाऱ्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच आल्या होत्या. बाबा लाल झाकण उघडत होते.

मी पांढऱ्या झाकणाची बाटली उचलून त्यांच्या पेल्यात ओतली. "ताई, हिला यात फुंकू द्या."

"ए रंगाऱ्या!" बाबा ओरडले. "ते सिद्ध पाणी आहे!"

"मग चांगलंच झालं की."

पोरीने नळी धरली. खोकत खोकत फुंकत राहिली. पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

"बाबा, हिच्या छातीत काहीच नाही वाटतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी बरी झाली!" मग लाल बाटलीतलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतून मी स्वतः फुंकलं. सगळ्यांदेखत ते पांढरं झालं. "मी आजारी नाही. ही चुन्याची निवळी आहे. कुणाचाही श्वास लागला की पांढरी होते. दर आठवड्याला हे त्यात साधं पाणी वाढवतात. सुधारते ती बाटली, पोरं नाही."

"तुझ्याही आत धुकं आहे, संशयाचं धुकं!" बाबा म्हणाले.

नातवाला घेऊन बसलेल्या एक आजी उठल्या. त्यांनी लाल बाटली घेऊन तिसरा पेला भरला आणि बाबांपुढे सरकवला. "मग तुम्ही फुंका. तुम्ही तर शुद्ध आहात."

बाबांनी दोन्ही ओठ घट्ट मिटले. एवढ्या बोलक्या माणसाचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. पुढचं काही बघायला आम्ही थांबलो नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याच्या नाकातोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क लावला आणि विचारलं, "पंप कधी बंद केला?"

"सात आठवडे झाले. सवय लागेल म्हणून," मी म्हणालो. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन तासांनी त्याच्या गळ्याखालचा खळगा भरून आला. मग त्या म्हणाल्या, "तास दीड तास उशीर झाला असता तर मी काय केलं असतं, मलाच माहीत नाही. पंपाने श्वासनळ्या मोकळ्या राहतात. सवय लागते म्हणून कुणी चष्मा फेकून देतं का?" माझ्या शर्टावर चुना होता, खरवडलेल्या जुन्या रंगाची धूळ होती. त्यांनी तिकडे बोट केलं. "घरी गेल्यावर याच कपड्यांनी त्याला उचलता?"

रोज उचलत होतो. तो धावत यायचा म्हणून. पेल्यातला चुना मी ओळखला, पण माझ्या अंगावरची धूळ लेकराच्या छातीत जात होती ते मला कळलं नव्हतं.

फुंकरबाबा त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. दुसरीकडे दुसऱ्या रंगाची झाकणं लावून बसले असतील. तुमच्याकडे आले तर भांडू नका. फक्त बाटल्यांची अदलाबदल करा आणि त्यांनाच फुंकायला सांगा. आणि चमत्कार कितीही डोळ्यांसमोर घडला तरी आपलं लेकरू कसं आहे, श्वास कसा घेतंय, ते आधी बघा. डॉक्टरांना शंका विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, पण औषध आपल्या मनाने कपाटावर टाकू नका.

आता मी कामावरून आलो की आधी मोरीत जातो. ठिपका दाराशी उभा राहून, "झालं का?" म्हणून ओरडत असतो. खोकला अजून अधूनमधून येतो. पंप बायकोने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलाय, तिच्या हाताशी.

परवा मी विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का अजून?"

"विश्वासाचं नाव काढू नका," ती म्हणाली. "त्याचा शर्ट वर करा आणि फासळ्या बघून सांगा."

मी शर्ट वर केला. ठिपका गुदगुल्या झाल्या म्हणून हसायला लागला. तो हसून थांबेपर्यंत मी थांबलो, मग नीट बघितलं आणि तिला सांगितलं, "शांत आहेत."

ती उठली आणि स्वतः येऊन बघून गेली.