शाईची वर्गणी

"आई, ह्याच्यावर भंडारा तू टाकलास का न्हाय, तेवढं सांग." बिभीषणने प्रिंटरचं झाकण उघडून कोपऱ्यातली पिवळी पूड बोटावर घेऊन दाखवली.

"टाकला की," म्हाळसाबाई म्हणाली. "परवा खंडेनवमी न्हवती व्हय? तुझे आण्णा लोकर कातरायच्या कात्रीला लावायचे. तुझं हत्यार हेच की."

बिभीषण अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात कारकून. मालाची चलनं तो घरीच छापून नेई, आणि आज गाडी भरून उभी होती. इकडे हे यंत्र लाल दिवा लावून बसलेलं. वायर काढून लावली, कागद बदलला, फडक्याने पुसलं, तरी ढिम्म. मालकाचा तिसरा फोन आला तसं त्याचं डोकंच फिरलं.

"चांगलं मशीन मातीत घातलंस. अडाणी ती अडाणीच. हितनं पुढं ह्याच्या वाऱ्याला उभी ऱ्हाऊ नकोस."

दुपारी पिशवी भरून म्हातारी मैंदर्गीला, लेकीकडे निघून गेली. बिभीषणच्या बायकोने, दिपालीने, त्याच्याशी बोलणं टाकलं. बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला प्रभुलिंग आला. दोन मिनिटं बटणं दाबून तो हसला.

"भंडाऱ्यानं कुटं काय होतंय? मशीन ठणठणीत हाय. शाई बी भरलेली हाय. पर ती तुमची न्हाय."

"म्हंजे? इकत घेतलंय की मी."

"मशीन घेतलंय. शाई वर्गणीवर. सहा महिने फुकट म्हणून कार्डाचा नंबर दिलता न्हवं? ते महिने सरले, तुमचं कार्ड बदललं असंल, पैसे कटले न्हाईत. कंपनीनं तिकडनंच कुलूप घातलं. मेल आले असतील की."

"मेल कोण बघतंय?"

वर्गणी म्हणे. जत्रेची वर्गणी चुकली म्हणून गावात कुणी पंगतीतून उठवत नाही. इथे शाई डोळ्यांसमोर, आणि एक ओळ उमटायची नाही. कसली ही दळभद्री सोय? कंपनीला शिव्या घालता घालता त्याची जीभ अडखळली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि देणारा तो स्वतःच होता.

प्रभुलिंगच्या सल्ल्याने त्याने बाटलीतून शाई ओतायचा साधा प्रिंटर घेतला. कार्ड नको, नेट नको, महिन्याची कटकट नको. रविवारी तो मैंदर्गीला जाऊन आईला घेऊन आला. एसटीत म्हणाला, "आई, तुझं काय चुकलं न्हवतं. लई बोललो मी."

"असू दे की," ती म्हणाली. "माणूस बोलतंय."

नवा प्रिंटर स्वयंपाकघराच्या वाटेतच, टेबलावर ठेवला होता. म्हाळसाबाई तिथे थबकली. तिने पदर गोळा करून पोटाशी धरला आणि भिंतीला पाठ लावून आडवी आडवी सरकू लागली.

"आई, सरळ ये की. काय होत न्हाय त्याला."

"व्हय, व्हय," ती म्हणाली, आणि तशीच अंग चोरून आत गेली.