उड्या मारणारा काटा

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझ्या तबकडीवर लिहिलेले नाव माझे नाही. ते महागड्या घड्याळांच्या एका घराण्याचे आहे. माझा जन्म एका लांबलचक टेबलावर, माझ्यासारख्याच शेकडो भावंडांबरोबर झाला. कोणी तबकडी बसवली, कोणी काटे, आणि शेवटी एका बाईने ते नाव माझ्या कपाळावर चिकटवले. पोटात साधा सेल घातला. पण वेळ दाखवण्यात मी कधी कसूर केली नाही.

मला विकत घेतले ते घरे विकणाऱ्या एका माणसाने. त्याच्या साहेबांनी त्याला सुनावले होते, की गिऱ्हाईक भिंती नंतर बघते, आधी तुझे मनगट बघते. खऱ्या घड्याळाची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची. मग तो गल्लीच्या टोकाला, छत्र्या आणि चष्मे विकणाऱ्या दुकानात आला. दुकानदाराने मला कागदातून काढले.

"अगदी जुळा भाऊ," तो म्हणाला. "एक सांभाळा. खऱ्याचा सेकंदकाटा पाण्यावरून होडी जावी तसा सरकतो. याचा उड्या मारतो. जाणकार माणूस तिथंच बघतो."

एवढे ऐकले आणि माझ्या मालकाचे सुख संपले. गिऱ्हाईक भेटायच्या आधी, लिफ्टमध्येच, तो माझी बाजूची चावी नखाने बाहेर ओढी. काटे जागच्या जागी उभे. उडी नाही, टिकटिक नाही. काम आटोपले की चावी आत आणि वेळ पुन्हा लावलेली. मला अगदी गुदमरल्यासारखे होई. पण लोक मला वाखाणत, आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते गोड लागे.

घरी त्याची बायको होती, ती दिवसभर कामावर जाई. त्याची आई होती. आणि लहानगी चिऊ, त्याची मुलगी. चिऊला अधूनमधून आकडी येई. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवले होते, की आकडी आली की आधी घड्याळ बघा. बहुतेक वेळा ती आपली आपण थांबेल. पाच मिनिटांत थांबली नाही, तर नाकात औषधाचा फवारा मारा आणि तडक दवाखाना गाठा. घाई नको, पण उशीर तर मुळीच नको.

आईंची नजर मोतीबिंदूने अधू झाली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे घड्याळ त्यांना दिसत नसे. दूध तापत ठेवले की त्या रोजची प्रार्थना म्हणू लागत आणि ती संपली की गॅस बंद करत. दूध कधी उतू गेले नाही. एकदा मालकाने गंमत म्हणून माझ्यावर मोजून पाहिले. तीन मिनिटे. दुसऱ्या दिवशीही तीनच.

"आई, तुझ्यात सेल कुठला घातलाय गं?"

"देवानं घातलाय तो," आई म्हणाल्या. "संपला की तोच काढेल."

मग तो दिवस आला. एका वृद्ध गृहस्थांना घर दाखवायचे होते, आणि त्यांच्या मनगटावर माझ्या कपाळावरच्या नावाचे खरे घड्याळ होते. चावी मालकाने आधीच ओढली होती, तरी तो सारा वेळ हात खिशात घालून बोलत राहिला. गृहस्थांना घर आवडले. मालक शीळ घालत घरी परतला. त्या आनंदात फोन गाडीत राहिला, आणि माझी चावी बाहेरच राहिली.

दार उघडले तर चिऊ जमिनीवर. आईंनी तिला कुशीवर वळवून डोक्याखाली हात दिला होता. आत्ताच सुरू झाले, त्या म्हणाल्या. त्याने फळीवरून फवारा काढला, गुडघे टेकले आणि माझ्याकडे पाहिले. मिनिटकाटा दोनच्या आकड्यावर होता. चिऊचे हातपाय झटके देत होते. त्याने पुन्हा पाहिले. काटा दोनवरच.

"मिनिटसुद्धा झालं नाही, आई. आपल्यालाच फार वाटतंय."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो. पोटातला सेल शाबूत होता, चाके शाबूत होती, केसभर चावी तेवढी बाहेर होती. तो माझ्याकडे बघे आणि धीर धरी. माझ्याकडे बघूनच त्याला उशीर होत होता. चिऊचे ओठ निळसर दिसू लागले. आई काही बोलत नव्हत्या, त्यांचे ओठ तेवढे हलत होते. मग ते थांबले.

"अरे, दूध दुसऱ्यांदा उतू जायला आलं," त्या हळूच म्हणाल्या. "माझी दुसरी प्रार्थना संपली. तुझं घड्याळ काय म्हणतंय?"

आता त्याने माझा सेकंदकाटा पाहिला. तो उभा होता. त्याने फवारा मारला, चिऊला उचलले आणि आईंना घेऊन जिना उतरू लागला. कठड्यावर आपटून माझी काच तडकली. तिकडे त्याचे लक्षही गेले नाही. दवाखान्याच्या दारात चिऊचे हात सैल पडले, आणि तिने मोठा श्वास घेतला.

किती मिनिटे झाली होती, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. मालकाने बाही माझ्यावर ओढून घेतली.

"आईला विचारा," तो म्हणाला.

मिनिटभर उशीर झाला, पण फवाऱ्याने निभावले, असे बाईंनी सांगितले. मग अंगठ्याने त्याने माझी चावी आत दाबली. माझ्या काट्याने पुन्हा उडी मारली.

पुढे ते गृहस्थ पुन्हा घर बघायला आले. त्यांची नजर माझ्यावर खिळली.

"काटा उड्या मारतोय तुमचा."

"हो. नकली आहे. पण वेळ बरोबर दाखवतं."

"असं? मग या घरात नकली काय आहे?"

मालकाने त्यांना न्हाणीघराची भिंत दाखवली. ओल होती, वरून रंग फासलेला. गृहस्थांनी ते घर घेतले नाही. साहेब बरेच दिवस मालकाशी धड बोलले नाहीत.

आता मी चिऊच्या पलंगाशी, फवाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. चिऊच्या आईने माझ्या चावीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे, ती पुन्हा कोणी ओढू नये म्हणून. हल्ली मात्र माझा काटा जागच्या जागी थरथरतो. सेल संपत आला आहे.

मित्रांनो, माझी काच बदलू नका. कपाळावरचे नाव हवे तर खरवडून टाका. सेल तेवढा आठवणीने बदला, आणि ज्याचे काम चालण्याचे आहे त्याला दिमाखासाठी थांबवू नका. आईंची प्रार्थना आहेच. पण त्यांचाही कधी डोळा लागतो, आणि तेव्हा या घरात मी चालू असायला हवा.