तुझ्या आज्जाचं नाव घाल

पुतळीच्या थापा सगळ्या दिग्गी गावानं ऐकल्या, एक माणूस सोडून. आन तो माणूस तिचाच नवरा, झिलू. चाळीस वर्षं हिनं गोष्ट काढली की ह्याच्या डोळ्यांवर झापड. आता नात मयूरीनं त्या गोष्टी लिवून काढल्या आन जोयड्याला जाऊन पुस्तकाचा एक नमुना छापून आणला. बाकीच्या प्रती नंतर काढायच्या हुत्या.

पुतळी म्हणाली, "आदी तुझा आज्जा वाचंल. मगच दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल."

"आज्जा नुसती बसची पाटी वाचतो, अज्जी."

"मग पाटीच लावू."

नमुन्यावर नाव हुतं 'जंगलातल्या लोककथा'. झिलूनं त्यावर चहाचा पेला ठेवला. मयूरीनं दुसरं कव्हर चढवलं, 'काळी नदीचं गुपित'. झिलूनं त्यानं चुलीला वारा घातला. मयूरी हिरमुसली, पण पुतळी न्हाई. म्हशीनं मंगळसूत्र गिळलं तवा ही बाई तीन दिवस म्हशीच्या शेपटीमागं हिंडली हुती आन घेऊनच घरी आली हुती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कव्हरावर लिव. तुझ्या आज्जाचं नाव घाल आन पुढं लिव, वाघाला भिऊन झाडावर चढला का न्हाई?"

"नाव तूच सांग की."

"इतकी वर्षं घेतलं न्हाई, आता घिऊ व्हय? लिव गप."

झिलू अंगणात बुट्टी विणत बसला हुता. पुतळीनं नव्या कव्हराचं पुस्तक त्याच्या म्होरं ठेवलं आन त्याच्याकडं पाठ करून तांदूळ पाखडाय बसली. थोड्या वेळानं बांबूच्या कामट्यांचा आवाज थांबला.

"मी कवा चढलो गं झाडावर?"

"मला काय ठावं. आत बगा."

झिलूनं ओळीवर बोट ठेवलं. पयल्या गोष्टीत एकाच्या घोरण्यानं सुपा धरणाचं पाणी उलटं फिरलं. दुसरीत एकानं अस्वलाकडनं पाठ खाजवून घेतली. गोष्टीतली बाई सारखी 'आमचे हे, आमचे हे' करत हुती. झिलू नाकानं फुसफुसला, पण बोट काय उचललं न्हाई. आंबील निवली. गुरं रानातनं परत आली तवा तो शेवटच्या पानावर हुता.

"फसवलंस पुतळे. पानं सरली, माझं नाव आत कुटंच न्हाई."

"पानोपानी हाय की."

"कुटं?"

"ते 'आमचे हे' कोण मग? बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यावं व्हय?"

झिलूनं पुस्तक उलटं पालटलं, पयलं पान काढलं आन परत बोट लावलं. घोरणारा तो. अस्वलवाला तो. मदीच मान वर केली.

"अस्वल मला बघून पळालं हुतं. हे असलं छापू नगंस."

"छापणार."

"आन वाघ? ह्यात वाघच न्हाई."

"ते तुमी सांगा. मयूरी लिवून घेती. आन पुस्तकाचं नाव हेच ऱ्हाणार."

मयूरी वही घेऊन आज्जाजवळ येऊन बसली. झिलूनं बुट्टी बाजूला सारली, घसा साफ केला.

"लिव," तो म्हणाला. "मी न्हाई चढलो. मला बघून वाघ चढला."