दादाचं वैराग्य

विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौन पाळून दादा परत आला आणि अकराव्या दिवशी त्याचं तोंड जे उघडलं, ते मिटेचना.

मी मशीनवर होते. शाळेचे पासष्ट शर्ट शनिवारपर्यंत द्यायचे होते आणि निम्म्यांच्या कॉलरी अजून लागायच्या होत्या. शेजारच्या खोलीत बाबा. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली, पण कान आणि डोकं शाबूत. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवलेला माणूस.

दादाने खुर्ची ओढली ती माझ्या खोलीत. तिकडे वास येतो ना!

"अगं, सगळ्याचं मूळ तृष्णा. आपण धरून ठेवतो म्हणून दुःख. बुद्धाने राजवाडा, बायको, तान्हं पोर, सगळं सोडलं."

"आणि तू काय सोडलंस?"

"आसक्ती."

हे बोलताना गाडीची नवी किल्ली बोटाभोवती गरगर फिरत होती. याने सोडलं होतं ते एकच, बापाला. तेही तीन वर्षांपूर्वी, माझ्या गळ्यात टाकून.

मग खिशातून वृद्धाश्रमाचा फॉर्म निघाला. "इथे सही कर. मी आता अलिप्त झालोय, त्यामुळे शांतपणे ठरवता येतं."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय कळतंय!"

तेवढ्यात पलीकडून बाबांची हाक आली. दोघंही गेलो. चादर घाण झाली होती. दादाने रुमाल नाकाला लावला.

"पहिलं सत्य?" बाबांनी विचारलं. शब्द घरंगळत होते, पण आवाज वर्गातला.

"दुःख आहे."

"दुसरं?"

"तृष्णा. तिसरं, ती विझली की दुःख विझतं. चौथं, अष्टांगिक मार्ग."

"आठ मोज."

दादा पाचवर अडला. दहा दिवसांत एवढीच कमाई!

"एक भिक्खू पोटाच्या दुखण्याने स्वतःच्या घाणीत पडला होता," बाबा म्हणाले. "बाकीचे जवळ फिरकत नव्हते. का, तर त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. बुद्ध आले. पाणी मागवलं, स्वतः ओतलं, शिष्याने धुतलं, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवलं. म्हणाले, ज्याला माझी सेवा करायचीय, त्याने आजाऱ्याची करावी." थोडा दम खाऊन ते म्हणाले, "बादली मोरीत आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी हात बांधून उभी राहिले. बादली आली, बाह्या वर झाल्या. पहिल्याच पुसण्याला त्याला उमासा आला आणि तो तोंड दाबून अंगणात पळाला. तिथे ओकताना सगळी अलिप्तता बाहेर पडली. मला जराही दया आली नाही. बाबांच्या तोंडाची डावी बाजू तेवढी हसली. चादर मीच बदलली. फॉर्म तसाच पडला होता. मी तो उलट करून त्यावर गळ्यांची मापं लिहिली.

पुढच्या रविवारी दादा पुन्हा आला. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, नाकावर दुहेरी मास्क, जसा काही गटार उपसायला निघालाय. पण ज्ञान एका शब्दाचंही नाही.

"खांद्याखाली हात घाल," बाबा शिकवत होते. "ओढू नकोस रे, गाढवा. आधी कूस वळव."

त्याने वळवली. जेमतेम, पण वळवली.

मी मशीनवरून उठले नाही. एका रविवारावर मी भाळणार नाही.