कालिरोईची शाल

या, अशा जवळ या मित्रांनो. पायरीवर बसलात तरी चालेल, संध्याकाळी दगड गार होतात. आज मी फार दमले आहे, माझा आवाज लांब जायचा नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. ती गोष्ट माझ्या अंगावरून गेली आहे, म्हणून अगदी खरी सांगेन.

मी एक जुनी शाल आहे. समुद्रातल्या एका बेटावर केर्किरा नावाचं शहर आहे, त्याच्या जुन्या वस्तीत एका अरुंद गल्लीत छोटं चर्च आहे. त्याच्या दाराआडच्या खुंटीवर मी राहते. उघड्या खांद्यांनी कुणी बाई आली, की तिनं मला पांघरायचं, मेणबत्ती लावायची, हात जोडायचे आणि जाताना मला खुंटीवर अडकवायचं. एवढंच माझं काम.

मला कालिरोईनं विणलं. घरच्या मागावर, स्वतःच्या लग्नासाठी. गडद निळा रंग, काठाला ऑलिव्हची पांढरी पानं. विणताना ती देवाची गाणी म्हणायची, आणि सूर लागला की हात थांबवून ऐकत बसायची, जणू दुसरंच कुणी गातंय. लग्न काही झालं नाही. का, ते मला विचारू नका. मी पेटीत होते, पेटीत अंधार असतो. पुष्कळ वर्षांनी तिनं मला बाहेर काढलं, झटकलं आणि म्हणाली, "माझ्या खांद्यावर नाही, तर देवाच्या दारात तरी उपयोगाला ये."

सुरुवातीला बायका माझा काठ बोटांनी चाचपून बघायच्या. मग गल्लीतली माणसं एकेक करून दुसरीकडे राहायला गेली, त्यांच्या घरांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, आणि मला बघायला कुणाला सवड राहिली नाही. घाम, अत्तर, उन्हाचं मलम, सगळं माझ्यावर वाळलं. कालिरोईही देवाघरी गेली. मागे राहिली तिची धाकटी बहीण एव्हान्थियाबाई. हॉटेलात चादरी बदलून बदलून तिची कंबर वाकली. आता ती चर्चचं दार सांभाळते.

कालिरोईच्या पुण्यतिथीला एव्हान्थियाबाई गहू उकडते. त्यात मनुका, बदाम, वर साखरेचा पांढरा थर. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पाद्री नाव घेतात, मग आलेल्यानं मूठभर गहू खायचे आणि म्हणायचं, "देव तिला पदरात घेवो." खाणारी तोंडं नसतील तर त्या गव्हाचा काय उपयोग? आणि त्या तबकाखाली दरवर्षी मला अंथरतात. तो माझा मानाचा दिवस.

यंदा त्या सकाळी बाई पाद्र्यांना म्हणाली, "फादर, गेल्या वर्षी तुम्ही आणि मी, दोघंच होतो. यंदा एवढे गहू कुणाच्या तोंडात घालू?"

"मांजरं आहेत की," स्टाथिस पाद्री म्हणाले.

"त्यांना दाढी असती तर तुमच्याऐवजी त्यांनाच उभं केलं असतं!"

दोघं हसली, पण बाईचे डोळे दाराकडेच होते.

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. पाठीवर ही भलीमोठी ओझी, तोंडं उन्हानं लाल. बल्गेरियाची होती दोघं. मुलगी रालित्सा, मुलगा यावोर. मुलीचे खांदे उघडे. बाकीची पांघरुणं नेमकी धुवून वाळत घातलेली. बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. देवाच्या दारातून कुणाला परत कसं पाठवायचं? तिनं मला काढून दिलं.

रालित्सानं मेणबत्ती लावली. निवांत उभी राहिली असती, पण यावोरनं हात ओढला. "चल गं, ऊन चढायच्या आत किल्ला गाठायचाय." आणि बाजूच्या दारानं दोघं बाहेर. मी तिच्या खांद्यावर तशीच.

मित्रांनो, शहर एवढं मोठं असतं हे मला ठाऊक नव्हतं. किल्ल्याच्या चढावर तिनं मला डोक्यावर घेतलं. माथ्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

"अरे, ही चर्चमधली शाल! परत द्यायला हवी."

"जाता जाता देऊ. वाटेतच आहे."

वाटेत काहीच नव्हतं. वाटेत दुसरा किल्ला होता, राजवाडा होता, कमानी होत्या, आणि प्रत्येकासमोर यावोर म्हणायचा, "हे एवढं बघू." दुपारी भिंतीच्या सावलीत मला अंथरून त्यांनी टोमॅटो कापला. त्याचा रस माझ्यात मुरला. मग ओझ्याचा पट्टा खांद्याला कापतो म्हणून मला घडी करून त्याखाली कोंबलं. मी काय बोलणार? तीही दमली होती बिचारी, टाच सोललेली. दगडाला तरी विसावा असतो, त्या पोरीला तोही मिळेना.

ऊन कललं तेव्हा दोघं धक्क्यावर येऊन बसली. पलीकडच्या किनाऱ्याला जाणारी शेवटची बोट समोर उभी होती. आणि मी अजून पट्ट्याखालीच. प्रार्थनेची वेळ होत आली होती.

रालित्सानं पट्ट्याखालून मला ओढलं. काठावरून बोट फिरवलं. कितीतरी वर्षांनी कुणी फिरवलं होतं.

"ही हातानं विणलीये, यावोर. मी देऊन येते."

"वेड लागलंय का तुला? बोट जाईल. एक जुनी चादर, त्यांच्याकडे ढीग असेल."

"दिवसभर तू म्हणशील तिथं आले की नाही? टाच बघ माझी. आता मी म्हणते तिथं चल."

तो कुरकुरत उठला. पण उठला.

गल्ल्या सगळ्या सारख्या. दोनदा त्याच कोपऱ्यावर आली. शेवटी एका न्हाव्याच्या दुकानासमोर उभी राहिली. थोदोरीस न्हावी मासळीवाल्याची दाढी करत होता. आरशात मी दिसले, तसा त्याचा वस्तरा थांबला.

"ए पोरी! ती शाल कुठून उचललीस?" मोडक्यातोडक्या परदेशी भाषेत तो ओरडला. इथं पोटासाठी सगळ्यांनाच ती येते.

"उचलली नाही हो, परत द्यायचीय. चर्च सापडत नाही."

थोदोरीसनं माझा काठ हातात घेतला. "आमच्या कालिरोईची आहे ही. लहानपणी तिच्या दाराशी बसून मी ही विणताना..." त्यानं कपाळाला हात लावला. "अरे देवा. आज तिचा दिवस. मी विसरलो, दरवर्षीच विसरतो."

त्यानं वस्तरा ठेवला.

"अरे, माझी अर्धी दाढी!" मासळीवाला म्हणाला.

"तूही चल. तिनं तुझ्या आईला फुकट चादरी विणून दिल्यात, विसरलास?"

मग आमची वरात निघाली. पुढे न्हावी, मागे फेसाळलेला मासळीवाला, त्यांच्यामागे लंगडणारी रालित्सा, आणि दोन्ही ओझी घेतलेला यावोर.

चर्चमध्ये पाद्र्यांनी नुकतंच नाव घेतलं होतं. तबक उघड्या टेबलावर होतं. एव्हान्थियाबाई एकटीच उभी होती, हातातली मेणबत्ती वाकडी झालेली. आम्हाला पाहताच तिनं तबक उचलून धरलं. रालित्सानं मला अंथरलं. टोमॅटोचा डाग नेमका वर आला. ती शरमेनं काळवंडली. बाईनं त्या डागावरच तबक ठेवलं आणि म्हणाली, "आधी खा, पोरी. सकाळपासून काही पोटात दिसत नाही."

रालित्सानं गहू बघितले. "हे आमच्याकडेही करतात," ती हळूच म्हणाली. "आजीसाठी केले होते."

"फादर," एव्हान्थियाबाई म्हणाली, "पुन्हा घ्या नाव. आता ऐकणारं कुणी आहे."

स्टाथिस पाद्री पुन्हा गायले. सकाळी थट्टा करणारा तोच माणूस, पण सूर असा लागला की मासळीवाल्याच्या फेसातून पाणी ओघळलं. सगळ्यांनी गहू घेतले. प्रत्येकानं आपापल्या बोलीत तेच म्हटलं. धक्क्यावरून बोटीचा भोंगा आला.

"गेली," यावोर म्हणाला.

"खा तू," रालित्सा म्हणाली.

तो खात राहिला. मग त्यानं विचारलं, "त्यांचं नाव काय म्हणालात?"

बाईनं सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं.

मित्रांनो, मी आता विरले आहे. दोन ठिकाणी धागा सुटलाय, आणि तो डाग जाणार नाही. जी वस्तू तुमची नाही, ती वापरलीत तर जपा, आणि वेळेत परत करा, एवढं मागणं आहे. आणखी एक आहे, पण ते माझ्यासाठी नाही. आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी जरा थांबा, आणि केर्किराच्या एका विणकरणीचं नाव घ्या. कालिरोई. तिच्यामागे मूलबाळ नाही. बहिणीनंतर आठवण ठेवणारे तेवढे तुम्ही आहात.