एकशे चाळीस मीटर

गफ्फारमियांनी राळेगावात तीस वर्षं पाण्याच्या मोटारींची वाइंडिंग केली, जळालेली तार काढून नवी गुंडाळली. त्यांच्या हाताचा एकच नेम होता: तारेला मधे जोड द्यायचा नाही. झरी जामणीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या राउटरपासून आरोग्य उपकेंद्रापर्यंत केबल नेण्याचं काम त्यांच्या लेकीनं, फिजानं, घेतलं, तेव्हाही खांबांवर तेच चढले आणि एकशे चाळीस मीटर केबल त्यांनी अखंड ओढली.

वायफाय सागाच्या झाडांतून तिथवर पोचत नव्हतं. फिजानं बिस्मिल्ला म्हणून केबलमधल्या आठ बारीक तारा दोन्ही टोकांना एकाच रंगक्रमानं बसवल्या. टेस्टरवर आठही दिवे लागले. पण उपकेंद्रातल्या पडद्यावर यवतमाळच्या डॉक्टरांचा चेहरा यायचा, थिजायचा, निघून जायचा.

बाकावर तुळसाबाई पाय लांब करून बसली होती. साखरेच्या आजारानं अंगठा काळा पडलेला. दवाखान्यात चला म्हणून नर्स विमलताई चार दिवस विनवत होत्या. म्हातारीचं एकच, मोठ्या डॉक्टरनं सोता पाहून सांगितलं तरच जाईन. डॉक्टर बारापर्यंतच बसणार होते. साडेअकरा होऊन गेले होते.

फिजा बापाजवळ गेली.

"अब्बा, केबल कापा लागते."

"एवढी साजरी ओढली, ते कापाले? जोड असला का तिथंच जळते, बेटा."

"जोड नाही, नेटचा स्विच बसवतो मधातल्या अंगणवाडीत. शंभर मीटरच्या पुढं संदेश विरते, स्विचमधून तो पुन्हा ताजा निघते. मले हे माहीत होतं. तुम्ही ओढत होते तवा बोलली नाही, माह्यं चुकलं."

गफ्फारमियांनी एकवार त्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं, फिजाच्या हातून पक्कड घेतली आणि अंगणवाडीकडे निघाले. कापताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

पावणेबारा उलटले तेव्हा फिजानं कापलेलं दुसरं टोक स्विचमध्ये खोचलं. उपकेंद्रातल्या पडद्यावर चेहरा आला आणि टिकला. विमलताईंनी कॅमेरा पायाशी नेला. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले.

"आई, आजच निघा. अंगठा जाईल, पण पाय वाचवू."

"तुम्ही सोता पाह्यला ना?"

"पाहिला."

तुळसाबाईनं पदर सावरला. उठायला तिनं हात पुढे केला, तो अंगणवाडीहून परतलेल्या गफ्फारमियांनी धरला.