डबीतला वारा

गुणाजीला सांगितलेलं कळत नव्हतं असं नाही. कळलेलं तो मानत नव्हता, हीच हौसाबाईची तक्रार. त्यांच्या बर्फाच्या कारखान्यामागच्या ट्रान्सफॉर्मरची धोक्याची घंटी कालपासून दोनदा खणखणली होती. दोन्ही वेळा लेकाने काय केलं? स्विच पाडला, हवा साठली की घंटी वाजवणाऱ्या वरच्या डबीची चावी सैल केली, आत साठलेली हवा फुस्सकन सोडून दिली, आणि पुन्हा वीज चालू! आज दुपारी घंटी तिसऱ्यांदा वाजली, तसा स्विच पाडून स्वारी हात पुसत उभी.

"वारो आसा गो आये. परवा तेल भरलंय ना, तेच्यातलो वारो."

"आंगात इललो देवाचो वारोसुद्धा नारळ घेवन जाता," हौसाबाई म्हणाली. "ह्यो मेलो परत परत कित्या येता?"

"तुका काय कळता तेतूर? तीन वाजता होडये लागतले. बर्फ नाय मिळालो तर तूच माका सोलतलंस."

ते मात्र खरं. सकाळपासून बर्फ बर्फ करून तिनेच त्याचं डोकं खाल्लं होतं. पण आता ती ट्रान्सफॉर्मरभोवती फिरून आली. तेलाची टाकी बाहेरून कशी लख्ख, एक ओघळ नाही; मग वारा आत शिरणार कुठून? आणि मघाशी वीज चालू असताना नेहमीच्या गुणगुणीत मधेच चुर्र ऐकू येत होतं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं. ट्रान्सफॉर्मर बसवून देणाऱ्या हाफिजभायने तेव्हाच बजावलं होतं: घंटी वाजली की डबीतली हवा लांब नेऊन पेटवून बघायची. साधी हवा पेटत नाही. पेटली तर समजायचं, आतल्या आत काहीतरी जळतंय. हौसाबाईला अक्षर येत नव्हतं; ऐकलेलं ती विसरत नसे.

गुणाजी स्विचकडे निघाला. ती आडवी झाली.

"माझ्या मड्यावर पाय देवन जा! नायतर आधी ती हवा पेटवन बघ, हाफिजभायन सांगल्यान तशी."

"बरां, तुझी हौस होवंदे."

त्याने बर्फाची पातळ पिशवी चपटी करून चावीच्या तोंडाला सुतळीने आवळली. चावी फिरवताच पिशवी बेडकीसारखी फुगली. ती गाठ मारून त्याने कुंपणाबाहेर, पार माडाखाली नेऊन टांगली आणि लांब काठीला मेणबत्ती बांधली.

"पेटला नाय तर?" त्याने आईला विचारलं.

"तर स्विच मी चढवतंय."

ज्योत टेकली. प्लॅस्टिक आक्रसलं आणि भप्प! हातभर निळसर जाळ उठला. काठी गुणाजीच्या हातातून गळून पडली. त्याने मागे वळून पाहिलं. तेलाने भरलेली ती टाकी; तिच्यामागच्या भिंतीपलीकडे त्याची बायको सुगंधा चार बायांबरोबर बर्फ फोडत होती, हसण्याचा आवाज इथवर येत होता. आणि कालपासून दोनदा त्याने याच हाताने वीज चढवली होती.

हौसाबाईने पडलेली काठी उचलून मेणबत्ती वाळूत विझवली.

"हाफिजभायक फोन करतंय," गुणाजी म्हणाला. "पण आये, मी भियालंय म्हणान खंय सांगा नको. होडयेवाले हसतले."

"हसांदे! भियालंस तां बरां झालां. पण तिसऱ्या घंटेक भियालंस, मेल्या. पयल्या घंटेक भियाक होया होतां. तुका फक्त तुझी अब्रू दिसता, भिंतीमागची माणसां दिसनत नाय. आजपासून त्या चावीक आणि स्विचाक तू हात लावचो नाय."